वैरावाचून लढता येते का?



गीतेचा अभ्यासवर्ग अकराव्या अध्यायापर्यंत आला की एक प्रश्न हमखास येतो. बहुधा तो एखादा तरुण साधक विचारतो, आणि थोडा संकोचतच विचारतो. याच अध्यायात भगवंत अर्जुनाला ऊठ आणि शत्रूंना जिंक असे सांगतात. याच अध्यायाच्या अगदी शेवटच्या श्लोकात आपल्याला प्राप्त होणाऱ्या भक्ताचे लक्षण सांगताना ते ‘निर्वैर’ हा शब्द वापरतात. निर्वैर म्हणजे कोणत्याही प्राण्याशी वैर नसलेला. मग ज्याला बाण सोडायचा आहे त्याने वैर ठेवायचे नाही, हे जमायचे कसे? मनात द्वेष नसेल तर हात उचलेल का? आणि हात उचलला, तर मनात द्वेष नव्हता असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

या प्रश्नाला आपल्याकडे एक तयार उत्तर आहे. कुरुक्षेत्र म्हणजे आपले अंतःकरण, कौरव म्हणजे आपले विकार आणि युद्ध म्हणजे साधना. हे उत्तर खोटे नाही, साधनेला ते बळही देते. पण ते घाईने दिले की प्रश्न सुटत नाही, नुसता बाजूला सरकतो. विकारांशी निर्वैर राहण्याची गरजच काय? काम-क्रोधांवर खुशाल दात-ओठ खावेत! निर्वैर राहायचे असते ते आपल्यासमोर उभ्या असलेल्या हाडामांसाच्या माणसाशी, आणि तेही तो आपल्या विरोधात उभा असताना. खरी कसोटी तिथेच आहे.

म्हणून आज आपण रूपक थोडे बाजूला ठेवू आणि एका खऱ्या रणांगणावर जाऊ. ते फार जुने नाही. त्या रणांगणावरून परतलेली माणसे आपल्या पिढीने पाहिली आहेत.

बसंतरचे पाणी

डिसेंबर १९७१. पूर्व बंगालमध्ये त्या वर्षी नि:शस्त्र जनतेवर जे अत्याचार झाले त्यामुळे सुमारे एक कोटी माणसे घरदार सोडून भारतात आली होती. ३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि पश्चिम सीमेवरही युद्ध पेटले. जम्मू आणि पंजाब यांच्या मध्ये पाकिस्तानचा एक भूभाग फुगवट्यासारखा पुढे आलेला आहे. तो शकरगढचा भाग. तिथून बसंतर नावाची नदी वाहते. ती ओलांडून पलीकडे पाय रोवणे हे भारतीय सैन्याचे काम होते. वाटेत पाकिस्तानने सुरुंग पेरून ठेवले होते.

१५ डिसेंबरच्या रात्री आपले पायदळ नदीपार गेले. अभियंता दलाचे जवान सुरुंग काढत होते, पण काम पूर्ण व्हायच्या आतच पलीकडून शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल असल्याची खबर आली. पायदळाला रणगाड्यांचा आधार मिळाला नाही तर सकाळपर्यंत ते चिरडले जाणार, हे स्पष्ट होते. तेव्हा सतरा पूना हॉर्स या रेजिमेंटने अर्धवट साफ झालेल्या सुरुंगांच्या पट्ट्यातून आपले रणगाडे पुढे काढले. हीच ती रेजिमेंट, जी १८१७ साली पुण्यात उभी राहिली आणि जिने आजही पुण्याचे नाव धारण केले आहे.

या रेजिमेंटमध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल नावाचा २१ वर्षांचा अधिकारी होता. त्याचा जन्म पुण्याचा, प्रबोधिनीतील शिक्षण खडकवासल्याचे. सैन्यात दाखल होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. युद्धाचे वारे वाहू लागले तेव्हा तो अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, नव्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात होता. तिथून तो रेजिमेंटमध्ये परतला. निघताना त्याने सामानात गोल्फच्या काठ्या आणि समारंभाचा पोशाख बांधून घेतला होता. लाहोरला गोल्फ खेळू, आणि जिंकल्यावर मेजवानी होईल तेव्हा पोशाख लागेलच, असे त्याचे म्हणणे. एकविशीचे वय होते ते!

१६ डिसेंबरच्या सकाळी पाकिस्तानच्या १३ लान्सर्स या रेजिमेंटने पॅटन रणगाड्यांनिशी प्रतिहल्ला केला. मदतीची हाक आली तेव्हा अरुण आपला सेंच्युरियन रणगाडा घेऊन पुढे धावला. त्याच्या आणि सोबतच्या दोन रणगाड्यांनी मिळून शत्रूचे दहा रणगाडे निकामी केले. त्यांतले चार त्याने स्वतः टिपले, असे त्याच्या परमवीर चक्राच्या गौरवपत्रात नोंदले आहे. या झुंजीत त्याच्या रणगाड्यावर गोळा बसला, आग लागली. रणगाडा सोडून बाहेर पड, असा आदेश वायरलेसवर आला. त्याने कळवले की तोफ अजून चालते आहे, मी रणगाडा सोडणार नाही. त्यानंतर त्याने टिपलेला शेवटचा रणगाडा त्याच्यापासून अवघ्या शंभर मीटरवर होता. पुन्हा एक गोळा आला आणि अरुण तिथेच धारातीर्थी पडला. शत्रूला त्या ठिकाणी फळी फोडता आली नाही.

क्रोध वेगळा, वैर वेगळे

अरुणच्या त्या शेवटच्या संदेशात शत्रूसाठी एक शिवीही होती. आपण ही कथा मुलांना सांगताना ती गाळतो. पण आज आपल्यासमोर जो प्रश्न आहे त्यासाठी ती लपवून चालणार नाही. जळत्या रणगाड्यात बसलेल्या त्या मुलाच्या तोंडी शिवी आली. मग तो निर्वैर होता, असे म्हणायचे का?

इथे आपल्याला दोन शब्द नीट वेगळे करावे लागतील. क्रोध ही क्षणाची ज्वाला आहे. ती प्रसंगाने पेटते आणि प्रसंग सरला की विझू शकते. वैर म्हणजे जपून ठेवलेला क्रोध. आपण त्याला रोज फुंकर घालतो, आठवणींचे सरपण पुरवतो, पुढच्या पिढीच्या हाती देतो. क्रोधाला समोर माणूस लागतो. वैराला माणूस समोर नसला तरी चालते, किंबहुना तो समोर नसतानाच ते अधिक वाढते. क्रोध चांगला असे इथे म्हणायचे नाही. क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश आणि त्यातून नाश, ही घसरण गीतेने दुसऱ्या अध्यायात दाखवलीच आहे. रणगाड्यातही तिचा प्रत्यय येतो. सेंच्युरियनमध्ये चार माणसे असतात. एक चालवतो, एक तोफेत गोळा भरतो, एक नेम धरतो आणि एक आदेश देतो. आदेश देणाऱ्याचे भान सुटले तर बाकी तिघांचा जीव जातो. धूर, आवाज आणि मृत्यू यांच्या मध्ये अंतर मोजायचे, दिशा सांगायची, नेम चुकला तर पुन्हा सांगायचे. द्वेषाने थरथरणाऱ्या माणसाकडून हे होत नाही.

म्हणून अरुणचे शेवटचे शब्द पुन्हा पाहा. त्यात मुख्य वाक्य कोणते आहे? तोफ अजून चालते आहे. सगळे लक्ष हातातल्या कामावर आहे. माझ्यामागे पायदळ आहे, मी हटलो तर ते उघडे पडेल आणि माझे साधन अजून शाबूत आहे, इतकाच हिशोब आहे. त्याला बळ दिले ते मागच्यांच्या रक्षणाच्या भावनेने. शिवी ही त्या क्षणाच्या धुरासारखी होती.

साधकहो, ज्याच्यासाठी लढायचे त्याच्याविषयी प्रेम पुरेसे असले, तर ज्याच्याशी लढायचे त्याच्याविषयी द्वेष लागत नाही. आईला आपल्या बाळाकडे धावणाऱ्या कुत्र्याचा आधी द्वेष करावा लागतो का? ती दगड उचलते, कारण बाळ मागे आहे. कुत्रे गेले की दगड खाली पडतो. त्या कुत्र्याला शोधत ती गल्लोगल्ली फिरत नाही.

शत्रूच्या शौर्याची साक्ष

त्याच रणांगणावर जरपाल नावाच्या गावाजवळ तीन ग्रेनेडिअर्स ही आपली पायदळाची पलटण होती. १७ डिसेंबरला तिच्यावर पाकिस्तानच्या ३५ फ्रंटिअर फोर्स या पलटणीने हल्ला चढवला. आपल्या बाजूला मेजर होशियार सिंह जखमी अवस्थेत एका खंदकातून दुसऱ्या खंदकात जाऊन जवानांना धीर देत होते. मशीनगन चालवणारे घायाळ झाले तेव्हा त्यांनी स्वतः ती हाती घेतली आणि युद्धविराम होईपर्यंत जागा सोडायला नकार दिला. त्यांना परमवीर चक्र मिळाले, आणि ते जिवंतपणी मिळाले.

समोरून येणाऱ्या हल्ल्यात पुढे कोण होते? त्या पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल मोहम्मद अक्रम राजा. पलटणीचा प्रमुख स्वतः पुढे चालून येतो हे नेहमीचे दृश्य नव्हे. ते तिथेच ठार झाले. शत्रूने मागे टाकलेल्या मृतदेहांची संख्या ८५ होती आणि त्यात त्यांचाही देह होता. त्याच दिवशी संध्याकाळी युद्धविराम झाला.

आता पुढची गोष्ट ऐका. तीन ग्रेनेडिअर्सचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल व्ही. पी. एरी यांनी त्या शत्रूच्या शौर्याची लेखी साक्ष दिली. ज्याने आपल्या जवानांवर हल्ला चढवला, ज्याच्या हल्ल्यात आपली माणसे पडली, त्याच्याविषयी त्यांनी लिहिले की हा माणूस शूरासारखा लढला. पाकिस्तानने पुढे अक्रम राजांना हिलाल-ए-जुरत हे उच्च शौर्यपदक मरणोत्तर दिले, त्यामागे या साक्षीचा वाटा होता. २८ वर्षांनी कारगिलमध्ये याचीच आवृत्ती घडली. टायगर हिलवर मारल्या गेलेल्या कॅप्टन कर्नल शेर खान या पाकिस्तानी अधिकाऱ्याच्या खिशात ब्रिगेडिअर एम. पी. एस. बाजवा यांनी त्याच्या पराक्रमाविषयी चिठ्ठी लिहून ठेवली आणि मग देह परत पाठवला. त्याला पाकिस्तानचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला.

ही साक्ष देऊन एरी यांची निष्ठा कमी झाली का? त्यांच्या पलटणीने एक पाऊलही मागे घेतले नव्हते. लढताना कसूर केली नाही आणि लढून झाल्यावर सत्य नाकारले नाही. या दोन गोष्टी एका माणसात एकत्र राहू शकतात, याचा हा पुरावा आहे. रावण पडल्यावर प्रभू रामचंद्रांनी बिभीषणाला भावाचे अंत्यसंस्कार करायला सांगितले, वैर मरणाबरोबर संपते असे समजावले. ती कथा आपण भक्तिभावाने ऐकतो आणि मनात म्हणतो की ते देव होते. एरी तुमच्या-आमच्यासारखे माणूसच होते.

सेनापती आणि साधक

त्या रणांगणावर पूना हॉर्सचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल हणूत सिंह हे तर आपल्यासाठी विशेष अभ्यासाचा विषय आहेत. राजस्थानातील जसोलचे हे गृहस्थ आजन्म अविवाहित राहिले. ध्यान आणि जप हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग होता. सैन्यात लोक त्यांना संत-सैनिक म्हणत. एकही रणगाडा एक इंचही मागे येणार नाही, हा त्या दिवशीचा आदेश त्यांचाच. या युद्धातील नेतृत्वासाठी त्यांना महावीर चक्र मिळाले. पुढे ते लेफ्टनंट जनरल झाले. निवृत्तीनंतर डेहराडूनला त्यांनी साधनेतच आयुष्य घालवले आणि एप्रिल २०१५ मध्ये देह ठेवला.

आपल्यापैकी काहींची अशी समजूत असते की साधना वाढली की माणूस मऊ होतो, कठोर निर्णय त्याला घेता येत नाहीत. काहींची समजूत याच्या उलट असते की कठोर निर्णय घेणाऱ्याने साधनेच्या गोष्टी बोलू नयेत. हणूत सिंहांचे आयुष्य या दोन्ही समजुतींना उत्तर आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात लढणाऱ्यासाठी ‘विगतज्वर’ हा शब्द आला आहे. ज्याचा ताप उतरला आहे असा. किती नेमका शब्द आहे! ताप चढलेल्या माणसाला डोळ्यांसमोर भलतेसलते दिसते. समोरच्याचा आकार मोठा वाटतो, आपला संताप न्याय्य वाटतो. ताप उतरला की तीच खोली, तीच माणसे जशी आहेत तशी दिसू लागतात. सेनापतीला शत्रू जसा आहे तसा दिसला पाहिजे. द्वेष करणारा शत्रूला एक तर राक्षस समजतो किंवा तुच्छ समजतो, आणि दोन्ही वेळा फसतो.

लाहोरची रात्र

आता या लढाईचा शेवटचा भाग. तो तीस वर्षांनी घडला.

अरुणचे वडील ब्रिगेडिअर एम. एल. खेत्रपाल हेही सैनिक होते. त्यांचे मूळ गाव सरगोधा, जे फाळणीनंतर पाकिस्तानात गेले. वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांना ते एकदा पाहावेसे वाटले. २००१ साली ते गेले. लाहोरला त्यांचा पाहुणचार ब्रिगेडिअर ख्वाजा मोहम्मद नासेर या निवृत्त पाकिस्तानी अधिकाऱ्याने केला. अत्यंत आदराने, घरच्यासारखा केला. मुक्काम संपत आला त्या रात्री नासेर यांनी त्यांना सांगितले की १६ डिसेंबर १९७१ रोजी मी १३ लान्सर्समध्ये मेजर होतो, तुमच्या मुलासमोर मीच होतो आणि तो माझ्या हातून मारला गेला.

थोडे थांबून या प्रसंगाकडे पाहू या. ज्या लाहोरात जाण्यासाठी मुलाने समारंभाचा पोशाख बांधून घेतला होता, त्या लाहोरात म्हातारा बाप जेवत होता आणि वाढणारा हात तो होता.

आपण बहुधा बापाच्या क्षमेविषयी बोलतो. पण आधी नासेर यांच्याकडे पाहा. त्यांना गप्प राहणे किती सोपे होते! पाहुणा दुसऱ्या दिवशी आनंदाने निघून गेला असता. कुणाला काही कळले नसते. पण ज्या माणसाला आपण घरी जेवू घातले त्याच्यापासून हे लपवून ठेवणे त्यांना पटले नाही. त्यांनी स्वतःला त्या बापाच्या क्रोधापुढे उभे केले. त्यांनी अरुणच्या शौर्याचे मनापासून कौतुक केले आणि नंतर दोघांच्या छायाचित्राबरोबर लेखी कळवले की जय आणि पराजय यांच्या मध्ये तुमचा मुलगा खडकासारखा उभा राहिला. मारणारा ज्याला मारले त्याच्या बापाला हे लिहून देतो. वैर असते तर हे शब्द सुचले नसते.

आणि खेत्रपाल? ज्याने मुलगा मारला त्याच्या घरचे अन्न आपण खाल्ले, हे कळल्यावर माणसाच्या मनात काय उसळेल याची कल्पनाच केलेली बरी. पण ते सैनिक होते. समोरच्याने आपले कर्तव्य केले, मुलाने आपले केले, हे त्यांना समजत होते. ते त्या घरातून वैर घेऊन बाहेर पडले नाहीत. दुःख मात्र त्यांच्याजवळच राहिले असणार. निर्वैर होणे म्हणजे दुःख न होणे, असा अर्थ कुणी करू नये. मुलगा गेल्याचे दुःख बापाचे होते आणि ते शेवटपर्यंत त्याचेच राहणार.

काही प्रामाणिक शंका

इथे तीन शंका येतील. त्या टाळून पुढे जाणे योग्य नाही.

पहिली शंका अशी की द्वेषाशिवाय मारणे हे तर अधिक भयंकर नाही का? थंडपणे मारणारा माणूस यंत्रासारखा होतो. ही शंका खरी आहे. वैर नसणे आणि संवेदना नसणे या दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्या दिसू शकतात. ओळखायचे कसे? शस्त्र खाली ठेवल्यावर जो वागतो त्यावरून. यंत्राला मेलेल्या शत्रूच्या शौर्याची साक्ष द्यावीशी वाटत नाही. यंत्र तीस वर्षांनी ओझे उतरवायला बसत नाही. ज्याचे मन जिवंत आहे त्यालाच हे जमते. ज्याला मारावे लागले त्याचे मोल ज्याला कळते, त्याच्याच हाती शस्त्र शोभते.

दुसरी शंका म्हणजे, निर्वैर राहून लढले की कोणतेही युद्ध धर्म्य ठरते का? मुळीच नाही. युद्ध करावे की नाही हा एक प्रश्न आहे आणि करावे लागले तर कोणत्या मनाने करावे हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर पहिल्याच्या जागी वापरता येत नाही. शिष्टाई करून, पाच गावांवर तडजोड मागून, सर्व वाटा बंद झाल्यावरच श्रीकृष्ण कुरुक्षेत्रावर उभे राहिले होते. जो या वाटा चालून पाहत नाही त्याने निर्वैरतेची भाषा बोलू नये. हेही विसरू नये की त्याच १९७१ साली पूर्व बंगालात शस्त्र आणि वैर एकत्र आले तेव्हा त्याचे बळी नि:शस्त्र माणसे, बायका आणि मुले ठरली. वैर कधी रणांगणावर थांबत नाही, ते घराघरांत शिरते. म्हणून युद्ध संपल्यावर भारताच्या ताब्यात आलेल्या सुमारे ९३ हजार कैद्यांना आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वागवून परत पाठवले गेले, ही गोष्ट मला रणांगणावरच्या विजयाइतकीच मोलाची वाटते.

तिसरी शंका आपल्यासारख्या सत्संगी माणसांनी स्वतःला विचारायची आहे. खेत्रपालांची गोष्ट ऐकली की दुसऱ्याला उपदेश करण्याचा मोह होतो. ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याला आपण चटकन म्हणतो, सोडून द्या, क्षमा करा, साधक आहात ना? साधकहो, हा अधिकार आपला नाही. खेत्रपालांना कुणी क्षमेचा आग्रह केला नव्हता. समोरच्याने आधी सत्य सांगितले होते, आणि त्यांनी जे केले ते स्वतःच्या अंतःकरणातून केले. दुखावलेल्या माणसाकडून क्षमा वसूल करणे ही सुद्धा हिंसाच आहे. त्याच्यासाठी आपण एवढेच करू शकतो की त्याच्या बाजूला बसावे, त्याला न्याय मिळवून द्यायला हातभार लावावा. क्षमा आली तर ती त्याच्या वेळेने येईल. आणि निर्वैरतेचा अभ्यास? तो प्रत्येकाने स्वतःपुरता करायचा.

आपली रणांगणे

आता स्वतःकडे वळू. आपल्यापैकी फार थोड्यांच्या हाती शस्त्र आहे. पण मनात वैर किती जणांच्या आहे? शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाशी वीस वर्षे बोलणे नसते. सोसायटीच्या सभेत एकदा कुणी विरोध केला, तर जिन्यात भेटल्यावर मान वळते. कार्यालयात बढती हुकली तर ज्याला मिळाली त्याच्या प्रत्येक चुकीची मनात वही भरते. आणि आता हाताशी मोबाइल आहे. ज्यांना आपण आयुष्यात कधी भेटलो नाही, भेटणारही नाही, अशा माणसांविषयीचा द्वेष सकाळी चहाबरोबर आपण पुढे पाठवतो. ज्याने समोरासमोर गोळे झेलले तो शत्रूच्या शौर्याची साक्ष देतो आणि घरात बसलेल्या आपल्याला साधे ‘त्याचेही एक म्हणणे आहे’ एवढे म्हणवत नाही. रणांगणापासून जितके दूर, तितके वैर स्वस्त, असे तर होत नाही ना?

निर्वैर होणे म्हणजे आपली बाजू सोडणे नव्हे. बांधाचा हक्क तुमचा असेल तर तो मागा, दावा लढवायचा असेल तर नीट लढवा, पुरावे गोळा करा, चांगला वकील करा. अन्यायाला अन्याय म्हणा. अरुणने रणगाडा सोडला नाही, तुम्हीही खरी बाजू सोडू नका. फक्त तीन गोष्टी स्वतःला विचारत राहा.

मी कुणासाठी लढतो आहे? माझ्यामागे कोण उभे आहे ते मला दिसते का, की समोरच्याला खाली पाडणे एवढेच दिसते? मागचे दिसेनासे झाले असेल तर ताप चढला आहे असे समजा.

दुसरे, समोरच्यात जे चांगले आहे त्याची साक्ष मी देऊ शकतो का? मनात नव्हे, उघड, चार माणसांत. ‘भाऊ हट्टी आहे, पण आईच्या आजारपणात त्याने केले तेवढे आम्ही केले नाही’, हे वाक्य दाव्याच्या तारखेला जाताना बायका-मुलांसमोर उच्चारता येते का? ते उच्चारल्याने दावा दुबळा होत नाही. पुढच्या पिढीला मात्र वैराचा वारसा मिळत नाही.

तिसरे, लढणे संपल्यावर शस्त्र खाली ठेवायची माझी तयारी आहे का? निकाल लागला, सभा संपली, मत पडले. नंतरही मनात तोच प्रसंग रोज नव्याने लढला जात असेल, तर त्या युद्धात आपण एकटेच उरलो आहोत.

या पंधरवड्यात एक छोटा अभ्यास करून पाहा. ज्याच्याशी आपला खरोखर मतभेद आहे अशी एक व्यक्ती निवडा. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर तिच्या एका खऱ्या गुणाची एक ओळ वहीत लिहा. मतभेद सोडू नका, खोटी स्तुती लिहू नका. फक्त जे खरे आहे तेवढे लिहा. पहिले दोन-तीन दिवस पेन जड वाटेल. ते स्वाभाविक आहे. पंधराव्या दिवशी ती वही पुन्हा वाचा आणि आपल्याला अजून लढायचे आहे का, आणि कशासाठी, ते पाहा. कदाचित लढायचेच असेल. मग शांतपणे लढा.

माउलींनी मागणे मागितले तेव्हा दुष्टांचा नायनाट मागितला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढेच मागितले. सीमेवर उभ्या असलेल्या आपल्या जवानांसाठी प्रार्थना करताना त्यांच्या हाताला बळ मागू या, आणि त्या बळाला वैराचा गंज लागू नये हेही मागू या. आणि स्वतःसाठी मागताना आधी ताप उतरण्याचे मागू या. बाकीचे दिसायला लागते.